बापाच्या वाट्याचा रोट

प्रवासवर्णन कसं ताजं लिहावं म्हणतात, अंगावरची धूळ झटकायच्या आधी. मला जरा उशीर झाला. आम्ही ज्या एसटीने गेलो ती केव्हाच भंगारात गेली, वाटेतला रस्ता चौपदरी झाला आणि माझे दोन्ही गुडघे बदलून झाले. शिवाय प्रवास तरी केवढा? धुळे ते दीपनगर, तिथून जळगाव, आणि वाटेत एका गावात मुक्काम करून परत धुळे. लोक आल्प्स पाहून येतात आणि पुस्तक लिहितात. मी एरंडोल पाहून आलो आणि गप्प बसलो.

गप्प बसलो, त्याबद्दलच लिहायचं आहे.

धुळ्यात पाळक तयार करणारी एक शाळा होती. आम्ही तिला सेमिनरी म्हणायचो, रिक्षावाले ‘पाद्री कॉलेज’ म्हणायचे. मी तिथे शिकवत असे. तिथे एक गोष्ट अजून सांगतात. एक गोरा साहेब एका गावात गेला, मूर्तीपुढचं अन्न खाऊन बसला, आणि त्याला मायदेशी परत जावं लागलं. नव्या विद्यार्थ्यांना सावध करायला ही गोष्ट चांगली पडते. ती सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या पंगतीत नव्हता. मी होतो, साहेबाच्या उजव्या हाताला.

धुळे

साहेबाचं नाव कॉलिन, त्याच्या बायकोचं जून. दोघं न्यूझीलंडची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा ती आमच्याकडे शिकवायला आली. कॉलिन मूळचा गाईगुरांवाला. चाळिशी उलटल्यावर त्याला देवाचं पाचारण झालं, आणि त्याने गाई भावाला देऊन धुळं गाठलं. त्याचं हिब्रू बेताचं होतं, पण गाईच्या कासेला हात लावून ती उद्या किती दूध देईल ते सांगायचा. जुन्या कराराच्या तासाला अब्राहामाच्या कळपाचा विषय निघाला की त्याची गाडी जी कळपात शिरायची, ती घंटा झाली तरी बाहेर यायची नाही. विद्यार्थ्यांना तो फार आवडे, कारण परीक्षेत कळपावर प्रश्न येत नसत.

मराठी तो भाषाशाळेत शिकला होता. त्यामुळे पानाच्या टपरीवर उभा राहून “मला एक केळे मिळू शकेल काय?” असं विचारायचा. टपरीवाला त्याला केळं द्यायचा आणि पैसे घ्यायला विसरायचा. पण खेड्यातली अहिराणी त्याला कळत नसे. म्हणून त्याला जळगाव जिल्ह्यातल्या लहान मंडळ्या पाहायच्या होत्या, तेव्हा प्राचार्यांनी मला सोबत जायला सांगितलं.

निघायच्या आधी मी नवराबायकोला समोर बसवून शिकवणी दिली. “कुणाच्याही घरी ताटात जे येईल ते खायचं. नको म्हणायचं नाही. आमच्याकडे माणूस उपाशी राहिला तरी चालतो, पण पाहुणा नको म्हणाला तर घर वर्षभर झोपत नाही.”

जून म्हणाली, “आमच्याकडे जेवायला बोलावलं की पाहुण्यानेच एक पदार्थ करून न्यायचा असतो.”

“मग तुमच्याकडे यजमान काय करतो?”

“खुर्च्या मांडतो,” कॉलिन म्हणाला.

तेवढ्यासाठी जूनने आल्याची बिस्किटं भाजून एका पत्र्याच्या डब्यात भरून घेतली. तो डबा पुढे चार दिवस आमच्याबरोबर फिरला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

इथे आणखी एक सांगून ठेवतो. मूर्तीला वाहिलेलं अन्न ख्रिस्ती माणसाने खावं की नाही, यावर बायबलात पौलाने करिंथकरांना बरंच लिहिलंय. सेमिनरीत तो भाग शिकवायचं काम माझ्याकडे होतं. फळ्यावर ‘खावं’ आणि ‘खाऊ नये’ असे दोन रकाने आखून मी तो असा समजावत असे, की ऐकणाऱ्याला वाटावं, पौलाने आधी मला विचारलं होतं.

दीपनगर

भुसावळजवळची ही वीजकेंद्राची वसाहत. लांबून चिमण्या दिसतात, जवळ गेल्यावर सारख्याच रंगाची घरं. तिथली चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं एका घरात जमली होती. जूनला सभेआधी कॉलिनच्या शर्टाला इस्त्री करायची होती. तिने मायदेशाहून आणलेली इस्त्री खोक्यातून काढली आणि भिंतीत खोचली. फट्कन आवाज झाला आणि आख्ख्या घराचा फ्यूज गेला. साऱ्या मुलखाला वीज पुरवणाऱ्या वसाहतीत आम्ही मेणबत्ती लावून बसलो. कॉलिनने ठरवून आणलेलं वचन होतं, ‘तुम्ही जगाचा प्रकाश आहा.’ यजमानांचे वडील अंधारातून म्हणाले, “तसं असेल तर साहेब, तुम्ही जरा दाराजवळ सरका.”

लोक इतके हसले की प्रवचन झालंच नाही. माझ्या मते ते कॉलिनचं सगळ्यात चांगलं प्रवचन.

जळगाव

जळगावात आम्ही मेहरूणला एका शिक्षकाच्या घरी उतरलो. सकाळी तलावावर फिरायला गेलो तर म्हशी पाण्यात आणि कॉलिन काठावर. बराच वेळ दोन्ही पक्ष एकमेकांकडे बघत राहिले. म्हशी आधी कंटाळल्या.

दुपारी शेवभाजी झाली. ज्यांनी खानदेशातली शेवभाजी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तेलाचा तवंग, आणि त्यात जाड तिखट शेव. कॉलिनला शिकवणी पाठ होती. तो नको म्हणाला नाही. पहिल्या घासाला कान लाल झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. शिक्षकाची आई काळजीने म्हणाली, “भाऊ रडता का? घरची आठवण आली का?” कॉलिनने मान हलवली. माउलीला भरून आलं आणि तिने आणखी वाढलं.

संध्याकाळी जूनला जळगावचं सोनं बघायचं होतं. विकत घ्यायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. हा प्रकार सराफाला समजावणं मला जड गेलं. त्याने तिच्या कानांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “घरात काही झालं का? बाईंच्या अंगावर गुंजभर सोनं नाही.” मी म्हटलं, काही झालं नाही, त्यांच्याकडे पद्धतच अशी. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने आम्हाला चहा पाजला, आणि जाताना कॉलिनला म्हणाला, “साहेब, दिवस बदलतात.”

रविवारी सकाळी मंडळीत उपासना झाली. दुपारी आम्ही परतीची गाडी धरली. इथपर्यंतचं सगळं मी सेमिनरीत अनेकदा रंगवून सांगितलेलं आहे. यापुढचं नाही.

अंजनीकाठचं गाव

एरंडोलजवळ अंजनी नदीच्या काठी माझ्या वडिलांचं गाव. नाव लिहीत नाही, माझे पाटील चुलतभाऊ अजून तिथेच राहतात. वडील तरुणपणी पायाच्या जखमेने मरायला टेकले होते, मिशनच्या दवाखान्यात वाचले, आणि तिथेच ख्रिस्ती झाले. गाव सोडून धुळ्याला आले. भांडण झालं नाही. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, वर्षा-दोन वर्षांतून भुईमुगाचं पोतं घेऊन धुळ्याला यायचे, वडिलांशी दिवसभर पिकापाण्याचं बोलायचे, आणि धर्माबद्दल एक शब्द न काढता संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. वडील गेले तेव्हाही आले. कबरीवर माती टाकली आणि मला म्हणाले, “कानबाईले ये एखादी साल.”

कानबाई ही खानदेशाची देवी. नागपंचमी झाली की येणाऱ्या पहिल्या रविवारी ती घरोघर बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून चौरंगावर मांडतात, रात्र जागवतात आणि सोमवारी सकाळी नदीवर बोळवतात. तिचा नेम मोठा कडक. भाऊबंदांतल्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाची मूठ मोजायची, ते गहू घरीच दळायचे आणि त्याचे जाडजूड रोट करायचे. तो रोट भाऊबंदांनीच खायचा. लेक परक्या घरी दिलेली असेल तर तिनेही नाही. पाहुण्याला तर वासही नाही. आमच्या घरी रोट खाल्ल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्डा करून त्यात ओततात, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

त्या रविवारी कानबाई आहे हे मी विसरलो होतो, असं मी नंतर सेमिनरीच्या कमिटीला सांगितलं. विसरलो नव्हतो. परतीची वाट मीच आखली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी कॉलिनला पायांपासून टोपीपर्यंत पाहिलं.

“हाऊ कोन शे?”

“आमचे साहेब. न्यूझीलंडचे.”

“कथा शे ते?” कुठे आहे ते, एवढंच विचारलं.

कॉलिनने पुढे होऊन हात जोडले. “नमस्कार. आपली प्रकृती उत्तम आहे ना?”

आबा माझ्याकडे वळले. “हाऊ ते रेडिओसारखा बोलस.”

जूनने डबा पुढे केला. अक्का, म्हणजे आबांची बायको, डबा हातात घ्यायच्या आधी थांबली. “अंडं शे का यामा?” मी जूनला विचारलं. जून अभिमानाने म्हणाली, “दोन.” अक्काने डबा पदराने धरला, आदराने उचलला आणि गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिला. कॉलिन डब्याच्या मागे गोठ्यात गेला आणि तासभर आलाच नाही. तिथे एक गाय होती, तांबूस, आखूड शिंगांची. माझा चुलतभाऊ भास्कर तिची धार काढत होता. कॉलिनने पाठीवरून हात फिरवला, कासेला हात लावला, दात पाहिले. बाहेर येऊन आबांना म्हणाला, “ही गाय फार उत्तम आहे. हिला खायला काय देता?”

आबा हसले. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “सांग तेले. तुना बापना वाटा खास ती.”

माझ्या बापाचा वाटा गाय खाते? मला कळेना. मग भास्करने सांगितलं. माझे वडील गाव सोडून गेले त्या वर्षीही आबांनी त्यांच्या नावाची मूठ मोजली, आणि पुढे दर वर्षी मोजत राहिले. वडील वारल्यावर माझ्या नावाने. रोट दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि टाकताही येत नाही, म्हणून तो वाटा दर वर्षी गाईला जायचा. गाय मेली की तिच्या कालवडीला.

“तुना बाप गया,” आबा म्हणाले, “पन तेना वाटाना गहू काही गया नहीत.”

कॉलिनने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, “सरकी देतात म्हणे. आणि कडबा.”

पंगत

दिवेलागणीला आत नैवेद्य झाला. जून बायकांत जाऊन बसली. तिच्या नावाचा उच्चार अक्काने ‘जुनाबाई’ केला होता आणि तो सगळ्यांनी उचलला होता. ओसरीत भाऊबंदांची पंगत बसली. आम्हा दोघांना त्याच ओळीच्या शेवटी, मध्ये हातभर जागा सोडून पाट मांडले. पाहुण्यांसाठी वेगळ्या चुलीवर केलेली पुरणपोळी, आमटी, गंगाफळाची भाजी. व्यवस्था चोख होती. कुणाचा अपमान नाही, कुणाची अडचण नाही.

मग आबा आतून आले. हातात तुपाने माखलेल्या रोटांची परात होती. पंगतीत एकेक वाढत वाढत ते शेवटच्या भाऊबंदापर्यंत आले, आणि थांबले नाहीत. ती हातभर जागा ओलांडून माझ्या पानासमोर उभे राहिले, आणि एक रोट माझ्या पानात ठेवला.

“तुना बापना वाटा शे. दरसाल गाय खास. यंदा तू खाय.”

एवढंच बोलून ते वळले आणि तूप आणायला आत गेले.

मी त्या रोटाकडे बघत राहिलो. तो मोठा होता, कडेला जरा करपलेला. माझे फळ्यावरचे दोन्ही रकाने डोळ्यांसमोर आले आणि दोन्हीत काही लिहिलेलं दिसेना. खाल्ला, तर उद्या सेमिनरीत मी कोण? नाही खाल्ला, तर ओसरीत मी कोण? भूकही लागली होती, हेही खरं. पण डाव्या हाताला साहेब बसला होता, आणि साहेबासमोर मूर्तीपुढचं खाणारा पौलाचा मास्तर मला व्हायचं नव्हतं.

कॉलिन भिंतीवरच्या बैलांच्या घुंगरमाळेकडे बघत होता. मी रोट उचलला आणि त्याच्या पानात सरकवला.

त्याने खाली पाहिलं. ताटात आलेलं नको म्हणायचं नाही, ही शिकवणी माझीच. त्याने रोट मोडला, आमटीत बुडवला आणि खाल्ला. सगळा. पार करपलेल्या कडेसकट. बोटं चाटली. आबा तुपाचं भांडं घेऊन आले तेव्हा तो शेवटचा घास गिळत होता.

परक्या माणसाने रोट खाल्ला. पंगतीत कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, “आते काय व्हई?” दुसरा म्हणाला, “बाटनं बठ्ठं.” म्हणजे सगळं बाटलं. भास्कर अर्धवट उठला. आबा भांडं हातात घेऊन उभे होते. त्यांनी कॉलिनकडे पाहिलं, मग माझ्या रोट नसलेल्या पानाकडे, मग परत कॉलिनकडे.

“बसा बठ्ठे,” ते म्हणाले. “जेनी खादं तेना वाटा. आजपाईन हाऊ आम्हना भाऊबंद.”

आणि त्यांनी कॉलिनच्या पानात तूप वाढलं. माझ्या पानात नाही. मी पाहुणा होतो. पाहुण्याला रोटावरचं तूप कशाला?

कॉलिनचे हात धुतलेलं पाणी भास्करने खड्ड्यात ओतलं. मी माझे हात अंगणात धुतले, तुळशीपलीकडे, जिथे परके धुतात.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. वाजंत्री पुढे, बायका मागे. जून अक्काच्या हाताला धरून फुगड्या घालत होती आणि दर दोन फेऱ्यांनी पडत होती. नवा भाऊबंद म्हणून कॉलिनला देवीवर छत्री धरायचा मान मिळाला. त्याची उंची बघता देवीवर सावली पडत नव्हती, मागच्या वाजंत्रीवाल्यावर पडत होती. तो खूश होता. मी चपलांजवळ उभा होतो. अक्का जाताना म्हणाली, “परभाकर, तू नजर ठेव बरं, कुत्रं उचली लई जाई.”

परत धुळे

गाडीत जून झोपली होती. पारोळा मागे पडल्यावर कॉलिन म्हणाला, “प्रभाकरराव, वाटा म्हणजे हिस्सा ना?”

“हो.”

“आणि बाप म्हणजे वडील.”

“हो.”

तो खिडकीबाहेर कपाशी बघत राहिला. मग म्हणाला, “चव चांगली होती.”

त्याविषयी तो माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. पण गप्प राहणं त्याच्या रक्तात नव्हतं. मंगळवारच्या सकाळच्या प्रार्थनेत उभा राहून त्याने आपल्या रेडिओच्या मराठीत सगळ्या विद्यार्थ्यांना सांगितलं, “मित्रहो, मला कळविण्यास अत्यंत आनंद होतो की मी आता पाटील झालो आहे.” रोट, छत्री, जूनच्या फुगड्या, सगळं सांगितलं. रोट पानात कसा आला तेवढं वगळलं. विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. प्राचार्य वाजवत नव्हते.

कमिटी बसली. अध्यक्ष होते एक वयस्क रेव्हरंड, ज्यांना हसताना मी एकदाच पाहिलं होतं, तेही दात दुखत होता म्हणून तोंड तसं झालं होतं. त्यांनी विचारलं, “ते अन्न मूर्तीपुढचं होतं हे आपणास ठाऊक होतं?”

कॉलिन म्हणाला, “ते माझ्या ताटात होतं. मला भूक लागली होती.”

“आपण ते मागून घेतलं?”

“नाही.”

“मग कोणी वाढलं?”

“वाढणाऱ्याचा हेतू चांगला होता,” तो म्हणाला.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “प्रभाकरराव, आपण शेजारीच होता. आपण काय पाहिलं?”

मी म्हणालो, “माझं लक्ष नव्हतं.”

बस्स. एवढंच बोललो. खोटं बोलायला फार शब्द लागत नाहीत. कॉलिनची मुदत वाढवली गेली नाही. उन्हाळा लागायच्या आत दोघं निघाली. जुन्या कराराचे त्याचे तास माझ्याकडे आले. विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “सर, कळप घेणार का?” मी कळप घेतला नाही.

त्यांना निरोप द्यायला आबा गावाहून आले होते. स्टँडवर त्यांनी कॉलिनच्या हातात फडक्यात बांधलेली गव्हाची मूठ दिली. “पुढला सालनी तुनी मूठ. तू तथा दळ, आम्ही आठे दळसूत.” तू तिकडे दळ, आम्ही इथे दळू, हा अर्थ मी सांगितला, या वेळी बरोबर सांगितला. पुढे जूनच्या पत्रातून कळलं की त्यांच्या विमानतळावर परदेशी बियाणं आत येऊ देत नाहीत. अधिकाऱ्यांनी गहू काढून घेतले आणि जाळले. कॉलिनचा निरोप होता, ‘आबांना सांगा, या वर्षी माझा वाटा सरकारने खाल्ला.’ आबांना मी सांगितलं. ते म्हणाले, “सरकारना काय नेम! ते बठ्ठासनाच वाटा खास.”

काही वर्षांनी, नव्वदच्या दशकात, आबा गेले. भास्करने दोन तारा केल्या, एक धुळ्याला आणि एक न्यूझीलंडला. भाऊबंद गेला की आमच्याकडे दहा दिवस सुतक. पुरुषांनी दाढी करायची नाही, दहाव्या दिवशी नदीवर न्हाव्यापुढे सगळ्यांनी बसायचं. माझी तार आली तेव्हा सेमिनरीत पदवीदान होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली, कोट घातला आणि समारंभाला गेलो. महिन्याभराने जूनने एक फोटो पाठवला. हिरव्या कुरणात पाच-सहा गाई, आणि त्यांच्यात दाढीची खुंटं वाढलेला कॉलिन. मागे लिहिलं होतं, ‘दहावा दिवस. इथे न्हावी मिळाला नाही, मी भादरलं.’

आत्ता

या आषाढात जूनचा फोन आला. कॉलिन गेला. झोपेतच गेला. आदल्या संध्याकाळी गाई मोजून आला होता. जून रडत नव्हती. म्हणाली, “प्रभाकरराव, गावाला तुम्हीच कळवा. मला तिथली भाषा येत नाही.”

मी दोन दिवस कळवलं नाही. दाढी मात्र केली नाही. रविवारी मंडळीतल्या एका बाईंनी विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, “भाऊ गेला.” त्या म्हणाल्या, “तुम्हाला भाऊ होता?”

तिसऱ्या दिवशी भास्करला फोन लावला. तोही आता म्हातारा झालाय, ऐकायला कमी येतं, म्हणून मला सगळं ओरडून सांगावं लागलं. असली गोष्ट ओरडून सांगायची म्हणजे काय, ते ज्याने सांगितली त्यालाच कळेल. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला. कॉलिन गेला हे सांगितलं. मग म्हटलं, भास्कर, त्या दिवशी तो रोट त्याने घेतला नव्हता. आबांनी मला वाढला होता. मी त्याच्या पानात सरकवला.

मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही.

“माहीत शे,” भास्कर म्हणाला.

“काय माहीत शे?”

“बठ्ठासनी देखेल व्हतं, भाऊ. पंगतमा तीस मानसे व्हतात. तुले काय वाटनं, तीसना तीस आंधया शेतस?”

“आणि आबा?”

“आबा तूप लई दारमाच उभा व्हतात.”

मी पलंगावर बसलो. इतकी वर्षं मी जे लपवत आलो ते अख्ख्या गावाला तोंडपाठ होतं. आबा त्यानंतरही धुळ्याला येत राहिले, भुईमूग आणत राहिले, पिकापाण्याचं बोलत राहिले. एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्या घराण्याची ही पद्धतच म्हणायची. फक्त त्यांना ती शोभत होती.

“मग मला कुणी कधी बोललं का नाही?” मी विचारलं.

“तू पाव्हना,” भास्कर म्हणाला. “पाव्हनाले काय बोलानं?”

तो खोकला, मग कुणाला तरी हाक मारून पाणी मागितलं, ते प्याला. मग विचारलं, “कोलंभाऊले पोरंसोरं?”

“नाही.”

“मंग तेना वाटा कोनकडे जाई?”

“मला काय माहीत.”

“हं.” त्याच्या अंगणातली कोंबडी मला फोनवर ऐकू येत होती. “दहावं पुढला सोमवारले येस. नदीवर न्हावी सांगना पडी.” आणि मग, जसं काही सहज आठवलं तसं, त्याने विचारलं, “भाऊ, तू दाढी करी का?”

मी हनुवटीवर हात फिरवला. पांढरी खुंटं टोचली.

“नही करी.”

“मंग ये,” भास्कर म्हणाला.